गौरीच्या चिंबोऱ्या आणि छोटा सर्व्हर

४ ऑगस्ट, गटारी
काय दिवस! मालूताईंच्या मच्छीच्या साइटवर सकाळपासून झुंबड. आपलं ऑटो-स्केलिंग चालू. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतो, ओसरली की कमी. एकही ऑर्डर अडकली नाही. उरणच्या खाडीवरच्या बारा कोळणी पनवेल-कळंबोलीत घरपोच मासळी देतात, आणि त्यांच्या मागे कोण? मी! करंजाड्याच्या बेडरूममधून!

१२ ऑगस्ट
श्रावण. दिवसभरात व्हिजिटर तीन. त्यातला एक मी. मोठा प्लॅन कशाला पोसायचा? साइट सगळ्यात छोट्यावर टाकली. यात ऑटो-स्केलिंग नाही. अनंत चतुर्दशीच्या आधी परत मोठा घेऊ. मालूताईंना कळवलं नाही. त्यांचं बिलही मोठ्या प्लॅनचंच ठेवलंय. तात्पुरतं. जरा टोचतंय.

१३ ऑगस्ट
टोचणं कमी.

३० ऑगस्ट
मालूताईंचा फोन. म्हणाल्या, गवरीला लय ऑर्डरी येतील भाऊ, त्यो वाढणारा सर्व्हर चालू हाय ना? हो म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. शिवाय गौरीला मच्छी? आमच्या साताऱ्याकडे पुरणपोळी असते. बोलण्याच्या ओघात चुकल्या असणार. मोठ्या बाईंना कशाला सुधारायचं.

१० सप्टेंबर, संध्याकाळी ६
चुकल्या नव्हत्या. इथे कोळ्यांकडे गौरीला चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, नैवेद्य असतो. उद्याच. माझ्या बायकोला, पूर्वीला, हे माहीत होतं. तिने लग्नाच्या नऊ वर्षांत एकदा तरी सांगायला नको? साइट आडवी पडलीय.

६.४०
मोठा प्लॅन मागितला. डेटा हलवायला चार तास म्हणे.

७.१५
मालूताई. जित्या चिंबोऱ्यांच्या पाट्या भरून ठेवल्यात, बाया रडकुंडीला आल्यात, कायतरी कर भाऊ, म्हणाल्या. मी म्हणालो, समुद्राखालची केबल तुटलीय.

७.१६
असं कसं बोललो मी!

११ सप्टेंबर
अर्ध्या पाट्या पडून राहिल्या. बायांनी नाक्यावर मिळेल त्या भावात विकल्या. वर मालूताईच मला धीर देतात. केबल तुटली त्यात तुजा काय दोस? मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुरणपोळी घशाखाली उतरेना. तीन खाल्ल्या, पण चव नव्हती. उद्या सगळं कबूल करायचं. नक्की.

१२ सप्टेंबर
गौरी विसर्जन. सणासुदीला कडू विषय नको.

१४ सप्टेंबर
फोन लावला. त्यांनी उचलला. मी कापला.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
प्रायश्चित्त म्हणून परवाच सगळ्यात मोठा प्लॅन घेतला, पदरच्या पैशांनी. आज साइट सुसाट! उद्यासाठी पापलेट, सुरमई धडाधड बुक होतंय आणि माझ्या सर्व्हरवर ताण शून्य. ग्राफ अगदी सपाट. काय सेटिंग केलंय मी! आता कबुलीची तितकी गरज नाही.

१८ सप्टेंबर, दुपारी २
राहवेना. फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. छोटा प्लॅन, बिल, केबल, सगळं. मालूताई म्हणाल्या, माहीत हाय. त्यांची सून मोनाली जासईला कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर असते. केबलची थाप तिने त्याच संध्याकाळी ओळखली होती. तू सवता बोलशील म्हनून आमी थांबलो, म्हणाल्या. तू बोलला नाय. परवा मोनालीनं साइट दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेली.

मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, असूंदे. जेवलास का?

हो म्हणालो. तेही खरं नव्हतं.