दोन रेघांचा चेक आणि मामांचा होकार

जामसंडे,
२१ जून १९८६

ती. मामांना शुभदाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि मामींचे पापड पावसाआधी वाळले असतील, असं धरून चालते. इकडे आई मजेत आहे. बाबा आणि मी मात्र आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्याचं असं झालं. बी.कॉम.चा निकाल लागताच मी जाहीर केलं, की तुमच्या कोल्हापुरात एम.कॉम. करणार आणि बँकिंग हा खास विषय घेणार. बाबा (तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस!) म्हणाले, "बँकेत जावक बँकिंग कित्याक शिकाक होया? आपलो पुतण्यो भाई पोस्टात आसा, तो काय पोस्टिंग शिकलो?"

शेवटी निवाडा करायला ते मला बँकेत मॅनेजरांकडेच घेऊन गेले. साहेब नवे, सांगलीकडचे. म्हणाले, मी प्राणिशास्त्र शिकलो, बँक इथे आल्यावर शिकलो. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांनी माझ्यासाठी आणून ठेवलेला बी.एड.चा फॉर्मच दिसू लागला.

तेवढ्यात बाहेर ओरड झाली. मासे विकणारी हौसाबाई व्यापाऱ्याने दिलेला चेक नाचवत होती. "दोन रेघो मारून माझो चेक खोडून टाकल्यानी!" कारकून तिला 'रेखांकित' शब्द समजावत होता (त्यालाही तो नीट समजला नसावा). साहेबांना तर तिची भाषाच कळेना. मी पुढे होऊन सांगितलं, की मावशी, रेघा आहेत म्हणून हा चेक हरवला तरी कोणी परस्पर पैसे उचलणार नाही. ते तुझ्या खात्यातच जमा होतील.

"मगे ह्यो रेघो नाय, कुलूप आसा ता!" हौसाबाई म्हणाली.

तिचं खातंच नव्हतं. मी फॉर्म भरला, ओळखदार म्हणून बाबांनी सही केली. साहेब म्हणाले, "मास्तर, मुलीला शिकवा." घरी आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला अडकवली. मग आईला म्हणाले, "चेडू शिकतला. पण रवतला मामाकडेच."

मामींना नमस्कार.

तुमची,
शुभदा

ता.क. तुमच्याकडे राहायला तुमचा होकार आलाय, असं मी बाबांना परवाच सांगितलंय. तेव्हा होकाराच्या पत्रावर कृपा करून गेल्या आठवड्यातली तारीख घाला.

आणखी ता.क. गुरुदासराव, लेक पाकिटाला खळ आणायला आत गेली तेवढ्यात पत्र वाचलं. तारीख आजचीच चालेल. होकार मात्र नक्की द्या. तुम्ही तो दिल्याचं मीही बाजारभर सांगून बसलोय. — जयराम