तक्रारीला जागा नाही

प्रिय कालिना,

गुरुवारच्या इंग्रजी वर्गाच्या यादीत तू लिहिलेलं तुझं नाव मीच खोडलं. कुणीतरी चावटपणा केला असेल असं समजून तू ते पुन्हा लिहिलंस, तेही मीच खोडलं. परवा बाजारात तू मला अडवून विचारलंस, "कशा आहात, बाई? माझ्यावर रागावलात का?" तेव्हा "छे गं, मजेत आहे," म्हणून मी कोबीचा गड्डा उचलला आणि चालू लागले. सत्तरीला आलेली बाई एकोणीस वर्षांच्या मुलीपासून पळाली. तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहिते आहे. सगळं वाच, मग काय ठरवायचं ते ठरव.

तू परदेशी जाऊ नयेस म्हणून मी आडवी येते आहे असं तुला वाटत असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. डॅन्यूबकाठच्या या गावातून निम्मी माणसं मीच तर इंग्लंडला पाठवली. सोळा वर्षं वाचनालयाच्या त्या थंडगार खोलीत मी व्याकरण शिकवलंच नाही. विमान गाठायला सोफियाच्या बसचं तिकीट काढून आलेल्या माणसाला क्रियापदं शिकवून काय करायचंय? मी तयार वाक्यं शिकवली, इंग्रज उठता-बसता बोलतात ती. पुठ्ठ्याच्या एका चिठ्ठीवर एक वाक्य, आणि सगळ्यांनी एका सुरात वीस वेळा म्हणायचं. तुझी आई वेलिच्का वर्गात वयाने सगळ्यांत मोठी, आवाजानेही. मिरच्या भाजायच्या दिवसांत तिने त्या चिठ्ठ्या चटणीच्या बरण्यांना चिकटवल्या होत्या, आठवतं? तू वैतागून म्हणालीस, "आई, ही चटणी खायची की पाठ करायची?" ती म्हणाली, "चटणीने पोट भरेल, चिठ्ठीने घर सावरेल." मी तेव्हा तुमच्या अंगणातच बसले होते. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझं सगळ्यांत आवडतं वाक्य होतं 'कान्ट कम्प्लेन', म्हणजे तक्रारीला जागा नाही. मी सांगायची, "इंग्रज 'कशी आहेस' विचारतो ते उत्तरासाठी नाही. दुखणंखुपणं सांगत बसलात तर तो बिचारा घाबरतो. हसायचं आणि एवढंच म्हणायचं." आपल्या बल्गेरियात कुणी 'कशी आहेस' विचारलं की आपण गुडघ्यापासून सुरुवात करून सरकारपर्यंत जातो. ही खोड मी मोडली, याचा मला केवढा अभिमान! आणि मी स्वतः इंग्लंडचा किनारासुद्धा पाहिलेला नाही. एका जुन्या पुस्तकात शिष्टाचाराचं प्रकरण होतं, त्यातलं हे ज्ञान. चार पानं वाचून मी गावाला शहाणं करत होते.

तिकडे आईचं अपेंडिक्स फुटलं आणि ती गेली, एवढंच तुला कागदपत्रांवरून कळलं. इंग्लंडात मशरूमच्या शेडमध्ये तिच्याबरोबर काम करणारी सेव्दा तिची बॅग घेऊन आली, ती तुझ्या आधी माझ्याकडे आली होती. तुला सांगायचा तिला धीर होत नव्हता. कालिना, तुझी आई चार दिवस दुखणं अंगावर काढत होती. रोज सकाळी मुकादमीण दाराशी उभी राहून प्रत्येकीला 'कशी आहेस' विचारायची. आई कमरेत वाकलेली, घामाने भिजलेली, पण हसून तेच वाक्य म्हणायची. तिसऱ्या दिवशी मुकादमिणीला शंका आली, तिने फोनवर नर्स जोडून दिली. नर्सनेही तेच विचारलं आणि आईनेही तेच सांगितलं. सेव्दा म्हणाली, "बाई, इतकं साफ म्हटलं तिने, की नर्सने तिच्या इंग्रजीचं कौतुक केलं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी तो शिष्टाचार म्हणून शिकवला.

गेल्या महिन्यात तिला जाऊन वर्ष झालं. आईचा फोटो आणि काळी चौकट असलेला वर्षाच्या स्मरणाचा कागद तू वाचनालयाच्या दारावर डकवलास, आणि शेजारच्या माझ्या यादीत, तिथेच दोरीला टांगलेल्या पेन्सिलीने, तुझं नाव लिहिलंस. दर गुरुवारी मी तिच्या तोंडासमोरून आत जाते. थडग्यापाशी तू सगळ्यांना साखर घातलेला उकडलेला गहू वाटलास. मला देताना म्हणालीस, "आई तुमचं फार नाव काढायची." रुमालात बांधून मी तो घरी आणला.

आता जे सेव्दालाही ठाऊक नाही ते लिहिते. दुखण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला फोन केला होता. म्हणाली, "बाई, पोटात उजवीकडे कुणी सुरी फिरवतंय असं होतंय. हे त्यांच्या भाषेत कसं सांगू?" एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य मला येत होतं. मी म्हणाले, "वेलिच्का, नोकरी नवी आहे. पहिल्याच महिन्यात रडगाणं नको. थोडी कळ सोस, आणि विचारलं तर आपलं नेहमीचं म्हण." ती म्हणाली, "बरं, बाई." वर्गात म्हणायची तसंच. हे मी वर्षभर तुझ्यापासून लपवलं. तुझं नाव खोडलं ते तुझ्यासाठी नव्हे, वर्गात तुझ्या तोंडाकडे बघायची माझी तयारी नव्हती म्हणून. उद्या मी कोरी यादी लावते आहे. पेन्सिल तिथेच आहे. हे वाचूनही तू नाव लिहिलंस तर मी खोडणार नाही, आणि पहिल्या दिवशी चिठ्ठीवर एकच वाक्य असेल: मला फार दुखतंय, डॉक्टर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. खिडक्या हादरेपर्यंत ते तुझ्याकडून म्हणवून घेईन. नाही लिहिलंस, तर त्यातही तुझं काही चुकलं नाही. परवा बाजारात तू विचारलंस त्याचं उत्तर मात्र द्यायचं राहिलंय. मी बरी नाही, कालिना. वर्ष झालं, मी मुळीच बरी नाही.

तुझ्या आईची बाई, आणि अजूनही म्हणू दिलंस तर तुझीच,
स्नेझाना