कोणतं गाव, मावशी?

हिवरखेड, मंगळवार

मोबाइल घेतला तो जीपला भाडी मिळावीत म्हणून. कापूस गेला आणि लग्नाला गाडी सांगणारं कोणी उरलं नाही. बायको, शबाना, म्हणाली, "नंबर मोठा लिहा गाडीवर, लोकं फोन करतीन." लिहिला.

आज दुपारी फोन वाजला. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर येते, म्हणून धावत वर गेलो. एक म्हातारी बोलत होती. "भाऊ, जीप घेऊन या लवकर. सुनेले कळा येऊन राहिल्या, अकोल्याले न्या लागते." मी विचारलं, "कोणतं गाव, मावशी?" आणि फोन कटला.

गाव आधी का नाही विचारलं मी?

तोच नंबर लावत गच्चीभर फिरलो. लागेना. बऱ्याच वेळानं एका किराणा दुकानदारानं उचलला. त्याच्या दुकानातल्या रुपया टाकायच्या डब्ब्यावरून म्हातारीनं फोन केला होता. त्यानं गाव सांगितलं, तसा निघालो.

अर्ध्या वाटेत समोरून बैलगाडी आली. म्हातारीनं हात केला. सून गोधडीत होती, तोंडावर पदर ओढलेला. पोटातलंही गेलं.

"आता अकोला नाही बापू, घरीच सोडून दे," म्हातारी म्हणाली.

दोघींना जीपमध्ये घेतलं. गाव आधी विचारलं असतं तर? सगळा रस्ता हेच डोक्यात. म्हातारी रडत नव्हती. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मी फोनवर कितीक डाव गावाचं नाव सांगतलं. तुले ऐकूच नाही आलं काय?"