देवाच्या डब्यातले तांदूळ

मी, धुरपताबाई दुधराम नेताम, वय बहात्तर, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. ती करायला घरात कोणी उरलेलंही नाही. पती दुधराम प्रभूकडे गेले, मूलबाळ झालं नाही.

१. राहतं घर माझी भाची रीता हिला द्यावं. अट एकच. दारात कोणी भुकेलं आलं तर आधी वाढावं. तो कोणत्या देवाचा, हे जेवण झाल्यावरही विचारू नये.

२. गीतांची वही सुलोचनाबाईंना द्यावी. माझा आवाज बेसूर आहे असं त्या वीस वर्षं चर्चच्या मंडळीत सांगत आल्या. त्याचा मला फार राग होता. पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

३. माझ्या अंत्यविधीत कोणीही तांदळाच्या डब्याची साक्ष सांगू नये. का, ते लिहिते.

आमच्या मंडळीत रीत आहे. भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ प्रभूसाठी वेगळ्या डब्यात टाकायची आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा चर्चमध्ये न्यायचा. माझी मूठ कधी चुकली नाही. पाळकसाहेब माझं नाव घेत, आणि ते ऐकायला मला आवडे.

२००३ च्या श्रावणात माझी धाकटी जाऊ मंगली दारात आली. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, दोन महिन्यांपूर्वी तापाने गेला होता. ते लोक आपल्या जुन्या देवांपाशीच राहिले होते. शनिवारची संध्याकाळ होती. पदर पसरून म्हणाली, "बाई, दोन दिस झाले, लेकरायच्या पोटात काही नाही."

माझी कोठी तळाला गेली होती. देवाचा डबा मात्र गळ्यापर्यंत भरलेला होता. मी म्हणाले, "हे देवाचे तांदूळ आहेत. याले मी हात लावत नाही."

"तुया देवाले भूक लागून रायली काय?" तिने विचारलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा चर्चमध्ये नेला. वर उभी राहून साक्षही दिली, की सैतानाने माझी परीक्षा पाहिली पण मी डळमळले नाही. सगळे आमेन म्हणाले. भुकेल्याला जेवू घातलं की ते प्रभूला पोचतं, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होते. मला कोणी शिकवलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मंगली पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली. मोठ्या मुलीची शाळा तेव्हाच सुटली. चार वर्षांनी ती परत आली, पण आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत असून ती माझ्याशी बोलली नाही. मीही गेले नाही. प्रार्थना रोज करत होते, उपास करत होते. उठून भिंतीपलीकडे जाणं तेवढं जमलं नाही. माझी सगळी भक्ती तिथेच वाया गेली, असं मला आता वाटतं.

४. दीड एकर धानाचं वावर मंगलीला द्यावं, असं मी लिहिलं होतं. ते वाचून दाखवायला काल चैतराम गुरुजींना सोबत घेऊन तिच्या अंगणात गेले. ती धान पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "मी त्या दिवशी वावर मांगाले आली होती काय?"

मी नाही म्हणाले. चुकले, असंही म्हणाले. ती पाखडत राहिली. म्हणून हे कलम रद्द करते. वावरही रीताला जावं.

५. गुरुजी म्हणाले, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष करू नये. मी मंगलीला विचारलं, साक्ष तरी करशील का? तिने हात पदराला पुसला आणि अंगठा पुढे केला.

ठिकाण: केशोरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

सही: धुरपताबाई दुधराम नेताम

साक्षीदार:
१. चैतराम गुरुजी, निवृत्त शिक्षक (सही)
२. मंगली नेताम, नात्याने जाऊ (डाव्या हाताचा अंगठा). हिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.