नवऱ्याच्या थडग्याशी बोलले म्हणून

येलोवो, २ मार्च १९३९

चिरंजीव तानास यास आईचा आशीर्वाद.

आम्ही बऱ्या आहोत. गाय व्याली, कालवड झाली. शेजारची कालिना नवऱ्याकडे टोरोंटोला निघाली आहे, तिच्याबरोबर तुझी दाफिना आणि हे पत्र पाठवते आहे. दोन वर्षं तू लेकीला मागत होतास, मीच पोर लहान आहे म्हणून अडवत होते. इथली थंडी तिला सोसत नाही.

अक्षर माझंच आहे, हसू नकोस. सरकारने आपली बोली बंद करून आम्हा म्हाताऱ्यांना ग्रीक शिकायला संध्याकाळच्या शाळेत बसवलंय. गुडघे बाकात मावत नाहीत. मास्तरीण कोवळी पोर, म्हणते, "आजी, म्हणा, हे घर आहे." मी आपल्या बोलीत म्हटलं, "घर माझंच आहे, तू मला काय सांगतेस?" तिला कळलं नाही म्हणून वाचले.

तू लिहिलंस, "आई, ग्रीक शीक, वाद घालू नकोस, भाषाच तर आहे." तिकडे बसून लिहायला तुझं काय जातं? तू धाडलेलं आपल्या बोलीतलं वर्तमानपत्र पोस्टातच जाळलं. चर्चमधल्या संतांच्या चित्रांवरची आपल्या लिपीतली नावं खरवडून काढली. संत बिचारे चोरी करताना धरल्यासारखे उभे आहेत.

थंडीचं खोटं सांगितलं. टोरोंटोत काय ऊन पडतं?

मृतांच्या शनिवारी उकडलेले गहू घेऊन तुझ्या बापाच्या थडग्यावर गेले. दाफिना बरोबर होती. दरवर्षीसारखं त्याला सगळं सांगितलं. गाय, गळकं छप्पर, तू. सोमवारी तिच्या मास्तराने वर्गात विचारलं, घरी जुनी बोली कोण बोलतं? खरं सांगेल त्याला पुढचा बाक. तुझी लेक खरं बोलली. खोटं बोलू नये हे मीच शिकवलेलं.

पोलीस शिपाई आला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"नवऱ्याशी. तो तुमच्या शाळेत आलेला नाही."

चौकात उभं करून मला एरंडेल पाजलं. पुढचं लिहीत नाही. गावाने पाहिलं. दाफिनाने पाहिलं.

आणि मी काय केलं? घरी येऊन, अंगावरचे कपडे बदलायच्या आधी तिला म्हणाले, "आजपासून माझा एक शब्दही तुला मिळणार नाही." आठ वर्षांच्या पोरीला! त्या हरामखोरांना म्हणायचं ते तिला म्हणाले. तेव्हापासून ती गप्प आहे. ग्रीकही नाही, आपलंही नाही. मी हाक मारली की आधी दाराकडे बघते, कोणी ऐकतंय का.

म्हणून धाडते आहे. तिच्याशी आपल्या बोलीतच बोल, भर रस्त्यात, मोठ्याने. "भाषाच तर आहे" असं पुन्हा म्हणालास तर मला आई म्हणू नकोस.

अक्षरं त्यांची, ग्रीक, बोली आपली. नुसत्या डोळ्यांनी वाचलंस तर लागायचं नाही. तिला शेजारी बसव आणि मोठ्याने वाच. माझे सगळे शब्द मी तिला परत देते आहे. एवढं दोनदा वाच.

वेलिका

शाळेच्या वहीत मला दुसरंच, ग्रीक नाव दिलंय. मेल्यावर थडग्यावर तेच घालतील. तुम्ही दोघं आलात तर वेलिका म्हणून हाक मारा, नाहीतर मी ओ देणार नाही.