अंधारकोठडीतलं रडणं

प्रिय कानसेन,

‘प्रिय’ लिहिताना हात आखडला. पण इतक्या वर्षांची सवय, जाता जात नाही.

काल माझ्या दादाची चिंगी तुझा तो गेम खेळत होती. भुताटकीचं कॅथीड्रल, वेदीखालचा दगड सरकवला की खाली जिना, मग कोठड्याच कोठड्या. शेवटच्या कोठडीत भिंतीकडे तोंड करून एक मेलेली नन रडत बसलेली. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. सुरी हातातच राहिली. ते रडणं माझं होतं. अभिनयाचं नाही, खरं.

आठवतं ना? भिंतींना गाद्या ठोकलेल्या तुझ्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मी ननच्या किंकाळ्या देत होते. घसा पार बसला, तू ‘झालं’ म्हणालास, आणि वहिनीचा फोन आला की दादा गेला. मी होते तिथेच बसले. तू हेडफोन फेकून धावलास, पाणी पाजलंस, पाठीवरून हात फिरवत राहिलास. मला वाटलं, काय देवमाणूस आहे! आणि मशीन आपलं चालूच. काम संपलं तरी रिकाम्या खोलीची शांतता टिपून ठेवायची, ही तुझी जुनी खोड. त्या गडबडीत बंद करायचं राहिलं असेल, तेही मान्य. पण नंतर तू ते ऐकलंस, कापलंस, माझं ‘दादा, दादा’ तसंच ठेवलंस, वर घुमारा चढवलास आणि कोठडीत नेऊन बसवलंस. लाज कशी वाटली नाही रे तुला? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच!

सकाळी फोनवर वर तोंड करून म्हणालास, अगं, कुणाला कळणार आहे, आणि अख्ख्या गेममध्ये लोकांना तेच सगळ्यात आवडलंय. मी फोन आपटला.

तशीच चिंगीचा गेम काढून घ्यायला गेले. तर तो आवाज माझा, हे तिला केव्हाच कळलं होतं. ननला मारल्याशिवाय किल्ली मिळत नाही म्हणे, पण ही मारतच नाही. शाळेतून आली की खाली उतरते आणि तिच्याजवळ नुसती उभी राहते. कारण घरात बाबासाठी कुणीच रडत नाही, म्हणाली, ती नन एकटीच रडते. पोरीसमोर डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही असं वहिनीनं आणि मी ठरवलं होतं. मोठ्या शहाण्या आम्ही!

म्हणून हे पत्र. सॉरी नको, पैसे नकोत, तुझी कारणं तर नकोतच. ते रडणं गेममधून काढ. चिंगी मला म्हणाली, काढलं तर मी कुठे जाऊ? माझ्याकडे ये, म्हटलं. ते रडणं माझं आहे, कानसेन. मला ते घरात हवंय.

एकेकाळची तुझीच,
मैत्रीण