मांडीचं माप

३ फेब्रुवारी
ऑपरेशनला एकोणीस दिवस. गुडघा म्हणे झकास बसलाय. आणि मांडी? उजवी माझी, डावी कुणा भलतीचीच — सुकलेली, लुळी! फिजिओबाईंनी गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप लावली. उजवी सेहेचाळीस, डावी बेचाळीस. "पंचेचाळीस होईपर्यंत जिना बंद. एक पायरीसुद्धा नाही!"

भावाकडे तीन मजले, लिफ्ट नाही. आई वर अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिला ऐकू येत नाही. रोज विचारते म्हणे, "थोरली कुठंय?"

४ फेब्रुवारी
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. ती दाबायची, दहा मोजायचे. मांडी ढिम्म! तिला शिव्या घातल्या, मग रडले.

११ फेब्रुवारी
आज ह्यांनीच माप घेतलं. जन्मभर लोकांच्या पँटी शिवल्यात, चुकतील कसे? त्रेचाळीस!

१८ फेब्रुवारी
चव्वेचाळीस! घोट्याला वाळूची पिशवी बांधून वीस वेळा पाय उचलला. भावाचा फोन आला — "ताई, आई काही खात नाही गं. जेमतेम दोन चमचे." पिशवी पुन्हा बांधली. आणखी वीस.

२५ फेब्रुवारी
पंचेचाळीस!! हे म्हणाले, "चल, मी धरतो तुला. आत्ताच जाऊ." शहाणपण माझंच — म्हटलं, आधी बाईंना दाखवते.

२६ फेब्रुवारी
बाईंनी टेप लावली. त्रेचाळीस. परत लावली. त्रेचाळीसच.

घरी आल्यावर हे कितीतरी वेळ चपलाच काढेनात. मग म्हणाले, "अगं, माप घेताना टेपच्या आत एक बोट ठेवायची सवय आमची. कपडा सैल हवा ना. पहिल्या दिवशी तसंच झालं. तुझा चेहरा इतका खुलला... मग पुढच्या वेळी दोन बोटं सरकवली."

जेवले नाही, बोलले नाही. एवढी माया करायला सांगितली होती कुणी!

२८ फेब्रुवारी
अबोला किती धरणार? आज तीस वेळा पाय उचलला, हे शेजारी बसून मोजत होते. शेवटी शेवटी मांडी थडथड उडायला लागली. बाई म्हणतात, जागी होतेय. भावाला कळवलं — आईला सांग, पंधरा दिवसांत येते. नक्की.

१ मार्च
सकाळी सातला आई गेली.
भाऊ म्हणाला, "ताई, तू वर येऊ नकोस. फाटकापाशी थांब. आम्ही तिला खाली आणतोय."